बंद किनाऱ्याचा खांब

मी एक खांब आहे. अंगावर नक्षी नाही, रंग नाही. उलट एका बाजूला खिळ्यांची सात भोकं आहेत आणि त्यांनीच मला भर न्यायालयात तोंडघशी पाडलं. सध्या मी सभाघराच्या स्वयंपाकघरामागे भिंतीला टेकून असतो. बायका माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

जन्मानं मी टोटारा, इथल्या रानातला टणक वृक्ष. वादळात पडलेल्या झाडाला पाचरी ठोकून मला फाडून काढलं. शेजारचा गोरा शेतकरी रॉस पेल्हम, त्याच्या वडिलांनी आपलं शेत संपून वाळू सुरू होते तिथल्या कुंपणात मला गाडलं. तीसेक वर्षं मी तार धरून उभा होतो. मेंढ्या माझ्यावर पाठ घासायच्या. माणसं तारेखालून खुशाल वाकून जायची, कारण पलीकडची वाळू इथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे हेमाइमा आणि तिच्या माणसांची, हे पेल्हमनाही ठाऊक होतं. कागदावर मात्र ते कुणी लिहिलं नव्हतं.

एका हिवाळ्यात लाटांनी बांध खाल्ला आणि मी उघडा पडलो. त्याच आठवड्यात हेमाइमाचा भाऊ हाकोपा शेवंड धरायला खडकापाशी बुडी मारून गेला, तो वर आलाच नाही.

समुद्रानं माणूस घेतलं की आम्ही त्या पाण्यातलं काही खात नाही. खांब रोवायचा, एका भूशिरापासून दुसऱ्यापर्यंत किनारा बंद करायचा, आणि वडीलधारे प्रार्थना करून खांब उपटेपर्यंत थांबायचं. याला राहुई म्हणतात. कोरलेला चांगला खांब शोधायला त्या दिवशी सवड कुणाला होती? हेमाइमानं मलाच ओढत नेलं, हाकोपाच्या जर्सीची बाही माझ्या डोक्याला बांधली आणि घणाचे घाव स्वतः घातले. ती रडत नव्हती. घाव तेवढे तिरपे पडत होते.

तेव्हापासून हे काम माझ्याकडेच आलं. एकूण सहा वेळा मला रोवलं. तिसऱ्या वेळी रोवलं ते रॉसच्या मुलीसाठी. एलिसन बुडाली तेव्हा सतरा वर्षांची होती.

नाताळ आठवड्यावर आला होता आणि नव्या वर्षात हेमाइमाच्या मुलीचं लग्न होतं. दोनशे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांच्या ताटात समुद्रातलं काही नसलं की आमच्याकडे यजमानाचं नाक कापलं जातं. ती पोर काही आपली नव्हे, लग्नापुरतं चालवून घेऊ, असं कुणीतरी सुचवलंही. हेमाइमानं घण उचलला. लग्नात डबाबंद मासे वाढले. समुद्रकाठची म्हणून सून आणली, निघाली डोंगरातली, असे टोमणे व्याही पुढं कित्येक वर्षं मारत होते.

त्या दिवसांत रॉस रोज संध्याकाळी यायचा आणि माझ्यावर हात ठेवून उभा राहायचा. कधी कपाळ टेकायचा. आभार मानायला तो सभाघरात कधी आला नाही.

हेमाइमा ऐंशीच्या पुढं गेली तेव्हा तिच्या माणसांनी दावा लावला. किनारा विकायचा नव्हता, कुणाला बंद करायचा नव्हता. तो आपला आहे एवढं सरकारनं मान्य करावं, आणि ते तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. पण रेडिओवर पुढाऱ्यांचा आरडाओरडा सुरू झाला. किनारा सगळ्यांचा, असे फलक नाक्यावर लागले. हेमाइमा बटाटे सोलता सोलता ऐकायची.

"ज्यांना पोती भरभरून तिसऱ्या-शिंपल्या दिल्या, तेच म्हणतात मी हाकलणार," ती म्हणाली. "निदान माझी पोती तरी परत करा म्हणावं."

विरोधाच्या अर्जावर रॉसचीही सही होती. मला ते फार लागलं.

सुनावणीच्या सकाळी नात माराएआनं गाडीत मला चढवता चढवता आजीची विनवणी केली. माराएआ वकील होती. एलिसनचं सांग, परक्या मुलीसाठी सगळा किनारा बंद राहिला, याहून मोठा पुरावा आपल्याकडे नाही, असं तिचं म्हणणं.

"ते दुःख त्याचं आहे," हेमाइमा म्हणाली. "त्याला न विचारता मी कसं वापरू?"

"मग विचार ना."

"सही केलेल्या माणसाला?"

न्यायालयात मला मेजावर आडवं ठेवलं. समोरच्या वकिलानं माझी भोकं मोजली. हा पेल्हमच्या कुंपणाचा खांब ना, असं विचारलं. हेमाइमा हो म्हणाली आणि मागं कुणीतरी हसलं.

"एरवी कधी कुणाला किनाऱ्यावर अडवलंत?"

"पाहुण्याला कोण अडवतं?"

त्यानं ते ताबडतोब लिहून घेतलं. कायद्याला १८४० पासून, म्हणजे गोऱ्यांचं राज्य आलं तेव्हापासून, खंड न पडलेला, फक्त तुमचाच ताबा हवा होता. तिचा मोठेपणाच तिच्या अंगाशी आला.

मग हा खांब किती वेळा रोवला, असं त्यानं विचारलं. हेमाइमानं मागं एकदा पाहिलं.

"आमच्या माणसांसाठी, पाच वेळा."

शेवटच्या बाकावर रॉसनं मान खाली घातली. मला वाचा नाही याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

निकाल लागायच्या आतच राजधानीत कायदा बदलला. पुराव्याची अट आणखी कडक झाली, सगळं पुन्हा मांडा म्हणाले. हेमाइमानं रेडिओ बंद केला, तो पुन्हा लावलाच नाही. शरद ऋतूत ती अंथरुणातच गेली. समुद्रानं नेलं नव्हतं, म्हणून तिच्यासाठी मला रोवलंही नाही.

तिचा देह सभाघरात ठेवला होता; तिसऱ्या दिवशी रॉस आला. टोपी हातात घेऊन उघड्या शवपेटीपाशी उभा राहिला आणि आमच्या रीतीप्रमाणं थेट तिच्याशीच बोलला.

"हेमाइमा, माझ्या एलिसनसाठी तू किनारा बंद केलास. पोरीच्या लग्नात डबे फोडलेस. आणि त्या दिवशी मी तिथं बसून गप्प राहिलो."

नंतर तो मागं माझ्यापाशी आला. माराएआ पाठोपाठ आली.

"हे न्यायालयात सांगाल?"

"सांगेन. लिहूनही देतो."

"लिहून द्याच. पण ते उलट प्रश्न विचारणार, तेव्हा तुम्ही समोर हवेत."

"तारीख कधीची?"

"दोन वर्षं तरी लागतील."

रॉस अठ्ठ्याऐंशीचा आहे.

टोटाराचं लाकूड जमिनीत शंभर वर्षं टिकतं म्हणतात, तेव्हा माझी काळजी नको. त्या दिवसापासून रॉस रोज संध्याकाळी काठी टेकत येतो, फडकी बाजूला सारतो आणि माझ्यावर हात ठेवतो. काल तो आला नाही. आजही चहाची भांडी विसळून झाली, दिवे लागले. तुम्ही त्या रस्त्यानं जाणार असाल तर पेल्हमचं दार तेवढं वाजवून बघा.