थांबा चार: वर बघा

थांबा एक. वेस.

फेरीच्या माझ्या कागदावर एवढंच छापलंय: मुरुम गावच्या जुन्या पेठेचं तोंड. दगडी पायरीवर बैलगाडीच्या चाकांच्या खाचा.

बाबा खाचेत पाऊल ठेवून उभे राहतात. कोंडिबा, एसटीचे निवृत्त कंडक्टर. गळ्यात पितळी घंटी. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा.

"पाशिंजर, पाय टाकून बघा. घोट्यापर्यंत जातोय. दगड एवढा झिजायला किती गाड्या गेल्या असतील?"

उमरग्याच्या कॉलेजची मुलं एकेक करून पाय टाकतात.

टण टण.

थांबा दोन. कापडाचं दुकान.

दाराला सुट्या फळ्या. प्रत्येकीवर उर्दू आकडा कोरलेला. मालकांना उर्दू येत नाही, ते आकडे तेवढे येतात, वडिलांकडून आलेले. रोज संध्याकाळी ते बोट फिरवून फळ्या ओळीनं लावतात. गायत्री नावाच्या मुलीनं बोट फिरवलं आणि हात मागं घेतला, चटका बसल्यासारखा.

थांबा तीन. रस्ता खणलाय. पुढं चला.

थांबा चार. टपाल कचेरी.

इथं मला थांबलं पाहिजे. मागच्या महिन्यापर्यंत चार नंबरला टपाल कचेरी नव्हती. मल्लिकार्जुनअप्पांचं हॉटेल होतं. मी ते कागदावरून काढलं. बाबांना न विचारता.

कारण असं. दर फेरीला बाबा सगळ्यांना हॉटेलात न्यायचे, चुरमुऱ्यांचा सुशीला मागवायचे, आणि मग म्हणायचे, "वर बघा." वर पीओपीचे पांढरे चौकोन, पंखा, तारेला लोंबणारी ट्यूब. "याच्यावर कमळ हाय. सोळा पाकळ्यांचं, चुन्याचं. आमच्या बानं केलंय."

लोक वर बघायचे, मग एकमेकांकडं.

माझे आजोबा निजामाच्या शेवटच्या वर्षांत, पंधराव्या वर्षी, इथं, ही इमारत बांधताना, मिस्त्रीच्या हाताखाली होते. चुना वाळला का हे तेव्हा अंगठ्यानं बघायचे. पाकळीच्या मुळाशी अंगठा दाबायचा. चुना चिकटला नाही की पाकळी झाली. ठसे मिस्त्री बुजवायचा. एक तेवढा ठेवला, असं आजोबा सांगायचे. हॉटेल उघडलं तेव्हा त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुढं छताखाली छत आलं. आमच्या वस्तीतसुद्धा त्यांना "कमळवाले" म्हणून चिडवायचे. गेले तेव्हाही ते नाव सुटलं नव्हतं.

मागच्या फेरीत एकानं व्हिडिओ टाकला, "आजोबांचं न दिसणारं कमळ." चाळीस हजार जण हसले. म्हणून मी काढलं.

आज सकाळी बाबांनी नवा कागद वाचला. घडी केली. "टपाल कचेरी. बरं हाय," म्हणाले आणि खिशात ठेवला. आपला बाप खोटं बोलत नव्हता, एवढं एकदा दिसावं, याच्यापलीकडं त्यांना या फेऱ्यांतून काही नको होतं. मला ते ठाऊक होतं.

टण.

एकच टोल. हॉटेलसमोर.

"बाबा, टपाल कचेरी पुढंय."

ते हलले नाहीत. दारातून पांढरी धूळ बाहेर येत होती.

"ओ कंडक्टर!" आतून अप्पा ओरडले. "आज गाडी आत घालू नका. वायर जळाली, छत काढायलोय."

"किती काढलं?"

"दोन चौकोन."

"वर काय हाय?"

"उंदरांची घरं! तुमचं कमळ उंदरांनी खाल्लं जणू."

मुलं हसली. मीही, जरासं. मग बाबांकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

"बिरदेव," बाबांनी शिडीवरच्या माणसाला हाक मारली, "बॅटरी मार की वर."

बिरदेवनं डोकं भोकात घातलं. बराच वेळ काढलं नाही.

"काय रे, अडकलास का?" अप्पा.

"अप्पा," आतून घुमलेला आवाज आला, "समदं काढावं लागतंय हे."

तिसरा चौकोन. एक पान.

चौथा. पानाला देठ, देठाला वेल.

सहावा. पोपटाची शेपटी. हिरवी. अजून हिरवी.

सातवा निघाला तेव्हा अप्पांनी टोपी काढली.

नववा, दहावा. आम्ही कधी आत आलो, कळलं नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वेल, द्राक्षांचे घड, चार कोपऱ्यांत चार मासे. अंगावर चुना पडत होता आणि कुणी झटकत नव्हतं. मधोमध कमळ. गायत्रीनं मोठ्यानं मोजलं. सोळा.

मला वाटलं बाबा ओरडतील, रडतील. ते कमळ सोडून बाकीचं छत बघत होते, पहिल्यांदा गावात आलेल्या माणसासारखे.

"हे बानं सांगितलंच न्हाय," ते म्हणाले. "पोपट न्हाय, मासे न्हाय. कधीच न्हाय."

"का नसेल सांगितलं?"

"ते त्यानं केलं नव्हतं ना."

सगळी वस्ती म्हणायची, म्हातारा वाढवून सांगतो. त्यानं फक्त आपल्या वाट्याचं सांगितलं होतं.

अप्पा टोपी हातात चुरगळत होते. "कंडक्टर, तुमच्या बाला आमच्या बापानं आत घेतलं न्हाय."

"व्हय," बाबा म्हणाले. तेवढंच. मग घंटी काढून माझ्या गळ्यात घातली आणि शिडीला हात लावला. अडुसष्ट वय. मी शिडी गच्च धरली. बिरदेवनं वरून बॅटरी धरली.

एक पाकळी. दुसरी. पाचव्या पाकळीशी ते थांबले. आजोबांचा डावा अंगठा चुना मळायच्या घाणीच्या दगडी चाकाखाली चेचला होता. टोक चपटं, एका बाजूला वळलेलं. त्या अंगठ्याला धरूनच मी चालायला शिकले.

बाबांनी आपला अंगठा तिथल्या ठशात टेकवला. बसला नाही. त्यांचा सरळ होता.

"हाय," ते म्हणाले. "वाकडा हाय."

खाली पंधरा जण माना वर करून उभे होते. वरून आवाज आला.

"संघप्रिया, घंटी मार. पाशिंजर खोळंबलेत."

मी घंटी हातात घेतली. दोन टोल द्यायचे होते.

एकच दिला.