सहाव्या जनावराचं बारसं

केतकी गेली त्याच्या चौदाव्या दिवशी तिच्या गेममधली पाच जनावरं खाली उतरली आणि शालनच्या घरात राहायला लागली. सकाळचे नऊ वाजले होते. शालन डब्यांच्या भाजीला फोडणी देत होती. आगीचं जनावर आधी आलं आणि शेगडीमागे बसलं. पाण्याचं हौदात उतरलं. वेलीचं दोरीवरच्या टॉवेलांमध्ये हातपाय पसरून राहिलं. विजेचं मीटरच्या पेटीत शिरलं आणि वाऱ्याचं केतकीच्या हेल्मेटमध्ये. शालननं मोहरी तडतडू दिली, मग वर बघून विचारलं, "जेवणार का?"

पाचांनीही मान हलवली. तिनं पाच भाकरी जास्तीच्या थापल्या.

चार दिवस गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की लेक अशी सगळीच्या सगळी गेलेली नाही. जाताना तिनं स्वतःला पाच जागी ठेवून दिलं होतं. आगीचं जनावर हसायचं ते तिचं हसू, नाकातून फुर्र करून येणारं. पाण्याच्या जनावराकडे तिचा आवाज होता, वाक्य अर्ध्यात सोडायची खोडसुद्धा होती. वेलीचं जनावर बोलता बोलता कानामागे केस सारायचं, त्याला केस नव्हते तरी. विजेचं जनावर डावी चप्पल फरफटत चालायचं. वाऱ्याच्या जनावराला तिच्या केसांचा वास होता, शिकेकाईचा आणि थोडा घामाचा.

मग शालनचं बरं चाललं. हसू ऐकायचं तर शेगडीपाशी जावं, वास घ्यायचा तर हेल्मेट उचलावं. शेजारची अक्काताई मीठ मागायला आली तेव्हा मीटरच्या पेटीकडे बघून म्हणाली, "घर भरलेलं दिसतंय हो."

"हो," शालन म्हणाली. "पाचजण आहेत."

फक्त एक गोष्ट शालन करत नसे. ती कुणाला हाक मारत नसे. केतकी गेली त्या दिवशी याच खेळाच्या स्पर्धेत ती शेवटच्या फेरीत बसली होती आणि इकडे शालननं पावणेदोनला फोन लावला होता. "केतू, ये गं. ताट वाढलंय." केतकी खेळ टाकून उठली होती. आईचं ताट निवू द्यायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. दोन वाजता नाक्यावर ट्रकनं तिची गाडी उडवली. तेव्हापासून शालनच्या डब्यांची गिऱ्हाइकं हाकेवाचून यायची आणि हाकेवाचून जायची.

एकदा मात्र चुकून तोंडातून निघालं. मांजराला म्हणाली, "ये." तर मांजर राहिलं बाजूला, पाचही जनावरं जिथं होती तिथून धावत आली आणि तिच्या पायाशी येऊन धापा टाकत बसली. वाऱ्याच्या जनावरानं येताना दार मोडलं होतं.

अकराव्या महिन्यात स्पर्धेच्या पंचांचा फोन आला.

"केतकी डुबल यांच्या घरून का?"

"मी आई."

"त्यांची टीम नोंदलेली आहे. येत्या रविवारी अकरा वाजता, मंगल कार्यालयात. सहा जनावरं लागतात. तुमच्याकडे पाच दिसताहेत."

"ती नाही आता."

"ते आम्हाला कळलंय," पंच म्हणाले. "टीम आहे पण. जिंकलात तर आणखी वर्षभर तुमच्याकडे राहील. हरलात, किंवा सहावं नसलं, तर पुसली जाईल."

"पुसली म्हणजे?"

"पाटीवरचं पुसतात तशी, बाई."

हौदातून पाण्याचं जनावर केतकीच्या आवाजात म्हणालं, "आई, तू ना आधी..." आणि थांबलं.

शालननं केतकीची वही काढली. टीम कशी बांधायची ते केतकीनं तिच्या तिरक्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. आग पाण्याला हरते, पाणी वेलीला, वेल आगीला. सगळीच मारकी घेतली तर टीम पहिल्या फटक्यात बसते. एक मारणारं असेल तर एक सांभाळणारं हवं. शेवटी ज्याचं जनावर सतरंजीवर उभं राहील, तो जिंकला. आणि लाल शाईत लिहिलं होतं: मालकानं हाक मारली आणि जनावर सतरंजी सोडून आलं, तर डाव गेला.

शालनला यातलं काही कळणार नाही असं अक्काताईला वाटलं होतं. शालनला सगळं कळलं. वीस वर्षं ती ताटं वाढत होती. तिखटाशेजारी ताक हवं, तळणाला लिंबू हवं, गोडाच्या आधी तुरट हवं. तिनं वहीत पाच जनावरांची पाच वर्तुळं काढली, चटणीच्या जागी आग, ताकाच्या जागी पाणी, आणि बघत बसली. ताट चांगलं होतं. मधोमध भोक होतं.

शेवटच्या पानावर केतकीनं लिहिलं होतं: पाचही एकाच गोष्टीला हरतात. सहावं त्या गोष्टीला न हरणारं हवं. पुढं उभं राहून सगळ्यांचा मार खाणारं. असलं कुठं मिळतं ते आईला विचारायचं.

खाली तारीख होती. ती गेली त्याच्या आदल्या दिवशीची.

ताटात सगळ्यांचं तिखट सोसते ती भाकरी. शालननं परात घेतली, ज्वारीचं पीठ चाळलं आणि मळायला बसली. तिची सासू जात्यावर ओव्या म्हणायची. शालन पिठात म्हणायची.

पिठाला देते पाणी, पाणी पिठात जिरे
माझ्या गं केतकीची हाक उंबऱ्याशी फिरे

उंडा मोठा होत गेला. तिनं पीठ संपवलं तरी तो मोठा होत होता. दुपारी तीनला तो परातीत मावेना, तेव्हा तिनं त्याला पाटावर बसवलं. बसल्यावर तो एकोणीस वर्षांची पोर बसावी तेवढा भरला. त्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते. पाठीवर शालनची दहा बोटं उमटली होती. तिनं त्याला एक चापट मारून पाहिली. तो हलला नाही. मग ती दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि भीत भीत म्हणाली, "ये."

पाच धावत आली. सहावं पाटावरच बसून राहिलं.

शालननं त्याच्या पाठीला पाठ टेकवली आणि त्या वर्षात पहिल्यांदा पोटभर रडली. ते भिंतीपेक्षा बरं होतं.

तिनं पंचांना फोन केला. "सहावं मिळालं."

"नाव काय?"

"नाव नाही."

"नावाशिवाय नोंद होत नाही," पंच म्हणाले.

नाव ठेवायचा मान आत्याचा. शनिवारी सकाळच्या एस्टीनं हौसाबाई आल्या, शालनच्या मोठ्या नणंद. केतकीच्या कानात वीस वर्षांपूर्वी त्यांनीच नाव सांगितलं होतं. पिशवीतून त्यांनी कुंची काढली, घुगऱ्या काढल्या, आणि पाटावरच्या सहाव्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अंगानं बरं आहे गं. कुणावर गेलंय?"

"कुणावर नाही, वन्सं. मार खायला केलंय."

"मग नाव धोंडी ठेवू. दगडधोंड्यावर कुणाची नजर जात नाही. आमच्या आजीची तीन गेली, चौथ्याला धोंडू म्हटलं, तो नव्वद वर्षं जगला आणि सगळ्यांना छळून गेला."

"धोंडी बरंय," शालन म्हणाली. तिला तेच हवं होतं. दगडाला हाक ऐकू येत नाही.

नऊवारी लुगड्याची झोळी बांधली. सहावं त्यात मावलं. पाचही जनावरं चुलत भावंडांसारखी भोवती उभी राहिली. विजेच्या जनावरानं घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली आणि घरातला दिवा दोनदा लुकलुकला. सहाव्याला कान नव्हता, तेव्हा हौसाबाईंनी करंजीची कड दुमडावी तसं पीठ चिमटून एक कान काढला. मग त्या वाकल्या, कुर्र केलं, आणि नाव सांगितलं.

पाचही जनावरांनी एकदम माना वळवल्या.

"काय सांगितलंत, वन्सं?"

हौसाबाई सरळ झाल्या. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"धोंडीच सांगायला वाकले गं, शालन. जीभ जुन्या वाटेनं गेली."

"परत सांगा. दुसरं सांगा!"

हौसाबाई परत वाकल्या. पण कान मिटला होता. कड नीट चिकटली होती, चांगल्या करंजीची चिकटते तशी.

केतकीच्या वहीवर वरच्या बाजूला मालकाचं नाव असायचं. ती जागा आता कोरी होती. शालन बघत असताना तिथं तिरक्या अक्षरात तिचं स्वतःचं नाव उमटलं, आणि खाली सहाव्या ओळीत: केतकी.

शालन दारात गेली. तिला हाक मारून बघायची नव्हती, पण बघितल्याशिवाय राहवेना. ओठातल्या ओठात म्हणाली, "ये."

पाचांच्या आधी सहावं येऊन पोचलं.

"आता?" हौसाबाई म्हणाल्या.

"आता टीममध्ये एकच उणं आहे, वन्सं. मी."

हौसाबाईंनी कुंचीची घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "आपल्यात पोरीचे कान टोचताना आईला तोंडात पाणी धरायला लावतात. म्हणजे ऐन वेळी तिनं 'नको' म्हणू नये. तुला केतकीच्या वेळी धरायला लावलं होतं, आठवतं का?"

"आठवतं. गिळलं होतं मी."

"उद्या गिळू नकोस."

रविवारी मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता तशाच पडल्या होत्या. शालन सहा जनावरांना घेऊन दारातून आत आली तेव्हा हॉल वीस खुर्च्यांचा होता. ती चालायला लागली तसा तो चाळीस खुर्च्यांचा झाला, मग शंभर. हौसाबाई दाराशीच राहिल्या आणि लहान लहान होत गेल्या. मधोमध सतरंजी होती. शालन तिच्या काठाशी बसली तेव्हा हॉल थांबला, आणि मागच्या भिंती हळूहळू परत यायला लागल्या.

समोर बर्गे मास्तर होते, शाळेतून रिटायर झालेले. त्यांचीही सहा जनावरं मागे उभी होती. त्यातल्या सर्वांत मोठ्या, शिंगवाल्या जनावराच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मास्तर त्याच्याकडे बघत नव्हते.

"माफ करा हं, ताई," ते म्हणाले.

शालननं तांब्यातून तोंडात पाणी भरलं आणि हात जोडले.

पंच म्हणाले, "चला."

सहावं पुढं उभं राहिलं. समोरचं पहिलं जनावर त्याच्यावर आलं आणि फटक्याचा आवाज झाला, थप. ओळखीचा आवाज होता. शालन रोज दोनशे वेळा तो आवाज करायची. सहावं चपटं झालं आणि परत उभं राहिलं. त्याच्याआडून आगीनं घाव घातला, पाण्यानं घातला. टीम छान बांधली होती. मास्तरांचं एकेक जनावर खाली बसत होतं.

पण शालनचीही थकत होती. आगीचं सर्वांत आधी थकलं. सतरंजीवरून उतरण्याआधी त्यानं सहाव्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ते विझलं तेव्हा सहावं नाकातून फुर्र करून हसलं. शालनच्या गालातलं पाणी हललं.

मग वेल थकली. सहाव्यानं हात वर नेऊन कानामागे केस सारले, आणि तिथं केस होते. मग वीज गेली, आणि सहावं मार चुकवायला सरकलं ते डावी चप्पल फरफटत. वारा गेला तेव्हा शिकेकाईचा वास सतरंजीच्या काठापर्यंत आला. पाणी शेवटी गेलं.

आता सतरंजीवर एका बाजूला ते मंगळसूत्रवालं जनावर होतं आणि दुसऱ्या बाजूला केतकी होती.

"अजून तीन फटके," पंच म्हणाले. "ही तिन्ही सोसून उभी राहिली तर टीम तुमची."

थप.

ती पडली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. लहानपणी पडल्यावर ती असंच करायची, आधी आई बघतेय का ते बघायची आणि मगच रडायची. तिनं वळून बघितलं. शालन बघत होती. तोंडातलं पाणी कोमट झालं होतं आणि खारट झालं होतं, आणि जागा पुरत नव्हती तरी वाढत होतं. भिंती तिच्या पाठीला येऊन टेकल्या होत्या.

थप.

या वेळी उठायला वेळ लागला. बर्गे मास्तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. शिंगवालं जनावर मान खाली घालून उभं होतं, त्यालाही तिसरा फटका मारायची घाई नव्हती.

केतकी चालत सतरंजीच्या काठापर्यंत आली. डावी चप्पल फरफटत आली. अंगठे अगदी काठावर ठेवून थांबली. पंच गुडघ्यावर बसले आणि गाल जमिनीला लावून, अंगठे बाहेर आलेत का, ते बघायला लागले.

"आई," ती म्हणाली, "तू ना आधी..."

तिनं दोन्ही हात पुढं केले, आणि चूळ टाकायला धरतात तशी शालनच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.