लाल दिव्याखालचा हात

रुखमाबाईने चादरीखालून नवऱ्याच्या पायाचा अंगठा दाबला, तसा तो म्हणाला,

"गरम."

शेक देणाऱ्या पुष्पलताबाईंनी त्याच्या पाठीवरची काचेची नळी उचलली आणि दुसरी टेकवली. या वेळी अंगठा कोणी दाबला नाही.

"थंड."

"बरोबर. आणि आता?"

पुन्हा अंगठा. "गरम."

चंपतराव खाटेवर पालथा पडला होता. तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. शेकाचा दिवा लावण्याआधी बाई अशी परीक्षा घेतात, हे रुखमाबाईने बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्याच हेरून ठेवलं होतं. गरम नळी बाई फडक्यात धरत आणि थंड नुसत्या बोटांत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला याहून जास्त कशाची गरज होती? पायथ्याशी उभं राहायचं, चादर सारखी केल्यासारखं करायचं आणि फडकं दिसलं की अंगठा दाबायचा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण रुखमाबाईच्या चेहऱ्यावर त्याचा कवडसाही नव्हता.

"हा डाग कसला?" बाईंनी उजव्या खांद्याच्या पात्यावर बोट ठेवून विचारलं. तिथे तळहाताहून मोठा, फिकट, कोरडा चट्टा होता.

"शिबं हाय जी," रुखमाबाई म्हणाली. प्रश्न तिला नव्हता. "घाम मुरते ना अंगात. बगीच्यातलं काम."

बाईंनी चट्ट्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. बाहेरच्या बाकावर माणसं दाटली होती. त्यांनी नळ्या ठेवून दिल्या आणि दिवा ओढून घेतला.

या लाल दिव्याची कीर्ती पार नरखेडच्या पुढे गेली होती. लोखंडी दांड्यावर वाकलेलं जस्ती ताटलीएवढं झाकण, त्यात एक बल्ब, एवढंच ते प्रकरण. पण कोणाचा मोडलेला हात त्याने जोडला होता, तर कोणाची आखडलेली कंबर सरळ केली होती. दवाखाना धर्मादाय, सीताबर्डीच्या मागल्या अंगाला. तिथे वाडीच्या गोदामांतले हमाल येत, कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया येत, रिक्षावाले येत. भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण होता आणि नवीन आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला वाटे की हाच तो दिवा. मग लोक हसत आणि त्याला सरकून जागा देत.

चंपतराव संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जाई. भरल्या टोपल्यासकट शिडीवरून पडला, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हाडवैद्याने चोळून पाहिलं, काटोलच्या डॉक्टरने सुया दिल्या आणि शेवटी नागपूरला शेक घ्यायला पाठवलं. नवराबायको शहराला लागून असलेल्या वाडीला तिच्या भावाकडे, गिरिधरकडे, येऊन राहिली. खोली एकच आणि ट्रकांचा आवाज दिवसभर. पण गिरिधरने तोंड वाकडं केलं नाही.

दुखणं खांद्याच्या आत होतं. वरची कातडी मात्र मुकी होती. दोन वर्षांपूर्वी तो चट्टा पैशाएवढा होता. रुखमाबाईने अंघोळीच्या वेळी त्याची पाठ घासताना तो पाहिला, नखाने टोचून पाहिला, मग सुईने. चंपतराव विडी ओढत बसला होता, त्याला पत्ताही लागला नाही. ती सुई तिने परत गोधडीला लावली आणि राहिलेले टाके घातले. त्या दिवशी ती रडली नाही. नंतरही नाही. आत काहीतरी घट्ट बसलं आणि त्याच्याभोवती तिचा संसार सुरळीत चालत राहिला.

गोळ्या मिळतात, हे तिला ठाऊक होतं. त्या घेऊन एक माणूस सायकलवर गावोगाव फिरे. भला माणूस होता, हसून बोले, लहान पोरांचे कान बघे, पाठी बघे. पण त्याची सायकल ज्या दारात थांबे त्या घरी पुन्हा कोणी मुलगी बघायला येत नसे. महारोग हा शब्द कोणी उच्चारत नसे, नुसतं "तिथं सायकल थांबते" म्हणत आणि समजायचं ते समजून घेत. सायकल गावात शिरली की रुखमाबाई नवऱ्याला बगीच्यात पिटाळी. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रेमिला, त्यांची एकुलती एक पोर, सतरा सरून अठराव्यात लागली होती. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं आणि घर चांगलं होतं. तेवढा वैशाख पार पडला की आपण स्वतः त्या सायकलवाल्याच्या पाया पडू, असं रुखमाबाईने ठरवून टाकलं होतं.

दिवा लागला. खाटेवर लाल उजेड पडला.

"नुसतं कोमट, सुखाचं वाटलं पाहिजे," पुष्पलताबाई म्हणाल्या. "चटका बसायला लागला की लगेच सांगायचं. सहन करायचं नाही. सहन केलं म्हणून लवकर बरं होत नाही."

चंपतराव भिंतीला म्हणाला, "हो जी."

रुखमाबाई पायथ्यापासून पुढे सरकली. नळ्यांची परीक्षा अंगठ्याने पार पडली, पण दिव्याचं काय? हा माणूस भाजून निघेल आणि घोरत पडेल.

"बाई, त्याइची सवय वाईट हाय," ती म्हणाली. "चटका बसला तरी तोंड उघडत नाही. मी आपला हात ठेवून बसीन त्याइच्या खांद्यावर. मले लागलं की मीच सांगून देईन."

पुष्पलताबाईंना हसू आलं. इतक्या वर्षांत असं कोणी मागितलं नव्हतं. त्यांनी एक स्टूल ओढून दिलं.

त्या दिवसापासून रुखमाबाई शेक संपेपर्यंत नवऱ्याच्या खांद्यावर, चट्ट्याच्या अगदी मधोमध, आपला उजवा हात ठेवून बसू लागली. ऊब हळूहळू हाताच्या पाठीवर चढे, मग बोटांच्या सांध्यांत शिरे. जास्त झाली की ती म्हणे, "बाई, थोडा वर घ्या," आणि बाई दिवा वर घेत. चंपतरावाचं निम्मं दुखणं तिच्या हाताने चाललं होतं म्हणा ना. शेजारच्या खाटेवर रेल्वेचा एक गँगमन असे, भैय्याजी. गुडघ्याला शेक घेता घेता तो म्हणे,

"तुमचं बरं हाय गा चंपतराव. माह्या घरची इथं असती तर दिवा आणखी खाली करून चालली गेली असती."

चंपतराव हसे. रुखमाबाईलाही हसू येई, पण ते ओठांपर्यंत पोचता पोचता विरून जाई. रुसवा नव्हता, दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. दोन वर्षांत तिला रागही धड आला नव्हता. प्रेमिलाचं लग्न ठरलं त्या दिवशी साऱ्या घरात आनंद झाला, तेव्हा ही चुलीपाशी बसून फक्त म्हणाली होती, "चला, झालं."

खांदा मात्र सुधारत होता. हात आधी कानापर्यंत जाऊ लागला, मग टोपीपर्यंत. एका सकाळी वाडीच्या खोलीत चंपतरावाने स्वतःच्या हाताने सदरा अंगात घातला आणि तो बायकोसमोर उभा राहिला.

"पाह्य," तो म्हणाला.

"पाह्यलं," ती म्हणाली. "बटनं उलटी लावली."

तो हसत हसत बटणं काढू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. आता थोडेच दिवस, मग गाव, मग वैशाख. पुष्कळ दिवसांनी तिला बरं वाटलं, आणि ते लपवायला ती पाणी भरायला बाहेर गेली.

त्याच दिवशी दवाखान्यात त्यांची नेहमीची खाट रिकामी नव्हती. एका बाईच्या कमरेला शेक चालू होता. चंपतरावाला पलीकडची, खिडकीजवळची खाट मिळाली. ती जरा उंच होती आणि तिच्या एका बाजूला भिंत होती, त्यामुळे रुखमाबाईला स्टूल दुसऱ्या अंगाला ठेवावं लागलं. तिने डावा हात पुढे केला.

डावा हात तर तिचा चुलीचा हात होता. तव्यावरची भाकर ती याच हाताने उलटवी, उकळत्या वरणाचं गंज फडक्याशिवाय उतरवी. सासू हयात होती तेव्हा आल्यागेल्याला सांगे, आमच्या रुखमीचा हात लोखंडाचा हाय. सासूच्या तोंडून निघालेलं चांगलं म्हणता येईल असं ते एकच वाक्य, आणि रुखमाबाईने ते जपून ठेवलं होतं.

पुष्पलताबाईंनी दिवा लावला आणि त्या पलीकडच्या बाईकडे गेल्या. तिला उठून उभं राहता येत नव्हतं, त्यात बराच वेळ गेला.

खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. चंपतराव घोरू लागला. रुखमाबाई हात ठेवून बसली होती. आज दिवा गुणाचा आहे, तिला वाटलं. वर घ्या, खाली घ्या, काही कटकटच नाही. ती प्रेमिलाच्या लग्नाचा विचार करत होती. पाच लुगडी तरी घ्यावी लागतील, आणि व्याह्यांना संत्र्याची पेटी पाठवायची तर तोडणी संपायच्या आत सांगून ठेवायला हवं. भैय्याजी काहीतरी म्हणाला, त्यावर ती हो म्हणाली.

मग खाडकन बटणाचा आवाज झाला आणि लाल उजेड गेला.

पुष्पलताबाई खाटेशी उभ्या होत्या. त्यांनी रुखमाबाईचा हात उचलून बाजूला केला. चट्ट्यावर हाताचा ठसा फिकट राहिला होता आणि त्याच्या भोवतीची कातडी लालभडक झाली होती. एका जागी पाणी धरलं होतं.

"चंपतराव," त्या म्हणाल्या. "कसं वाटतंय?"

चंपतराव जागा झाला. त्याने अंगठ्याची वाट पाहिली. पण पायथ्याशी कोणी नव्हतं.

"बेस वाटते जी," तो म्हणाला. "सुखाचं वाटते."

पुष्पलताबाईंनी गार पाण्याचं भांडं आणवलं, ओली पट्टी त्याच्या पाठीवर घातली आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. मग स्टुलाशेजारी वाकून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं,

"केव्हापासून आहे हे?"

रुखमाबाईने पदर सारखा केला. दोन वर्षं तिने या प्रश्नाची उत्तरं घडवून ठेवली होती, शिब्यांपासून भाजल्याच्या डागापर्यंत. त्यातलं एकही तिच्या तोंडी आलं नाही. नवऱ्याची पाठ समोर होती आणि ती तिने स्वतःच्या देखत भाजू दिली होती.

"दोन वर्सं झाले," ती म्हणाली. "पहिले पैशाएवढा होता चट्टा. त्याइची काही चूक नाही जी. मीच लपवला. नळ्या लावल्या तवा मीच अंगठा दाबून राहिली होती. वैशाखात पोरीचं लगन हाय, बाई. तिथवर कोणाले सांगू नका. मंग तुमी म्हणसान तसं करीन. मी त्याइले धरून आणीन तुमच्यापाशी."

इतकं सलग ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं.

"त्यांचं समजलं मला," पुष्पलताबाई म्हणाल्या. "मी तुमचं विचारतेय."

"माह्यं?"

बाईंनी तिचं डावं मनगट हातात घेतलं. रुखमाबाईने खाली पाहिलं. डाव्या हाताच्या पाठीवर लिंबाएवढा फोड आला होता. पदर सारखा करताना तो एका कडेने फुटला असावा, कारण पाणी बोटांवरून ओघळून स्टुलावर ठिबकत होतं. ती बघत राहिली. दुसऱ्या कोणाचा हात चुकून आपल्या मांडीवर राहिला असावा, तसं तिला वाटलं.

"मले तर काही झालं नाही," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "तेच." त्यांनी तिचा हात हलकेच मांडीवर ठेवला आणि त्या म्हणाल्या, "गोळ्या आहेत. इथूनच घेऊन जात जा, गावात कोणी यायची गरज नाही. पुष्कळ दिवस घ्याव्या लागतील. दोघांनीही. आणि मुलीलाही एकदा दाखवायला आणा. लग्न मोडायला नाही सांगत. नुसतं दाखवायला." त्या मलम आणायला पडद्याबाहेर गेल्या.

चंपतराव उठून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पाठीवरची ओली पट्टी घसरून चादरीवर पडली, ती त्याने उचलली नाही. बऱ्या झालेल्या उजव्या हाताने त्याने बायकोचा हात आपल्या तोंडाजवळ ओढला आणि लहान लेकराला भाजल्यावर घालतात तशी तो त्याच्यावर फुंकर घालू लागला. दम लागला की थांबे, पुन्हा घाली.

"लागते का वं फुंकर?" त्याने विचारलं.

तिच्या मनगटावरची बारीक लव हलत होती. ती तिला दिसत होती.

"लागते," रुखमाबाई म्हणाली.