दार लागलं पाहिजे

"साहेब, गाडी जॅकवरून खाली घ्या," गोटीराम म्हणाला. "नाय तर मी हात लावनार नाय."

काम सुरू व्हायच्या आधीच नखरे, असं कर्णिकांना वाटलं. नेरुळच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ह्या बँकेतल्या साहेबांनी भंगारातून एक जुनी, बिनछपराची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार उचलली होती आणि तीन वर्षं तिच्यापायी बायकोची बोलणी खाल्ली होती. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजाने पार कुरतडलेली. खालून जाड लोखंडी पट्ट्या जोडून ती भक्कम करायला हवी होती, पण दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. वेल्डिंगच्या आचेने चॅसी ओढली जाईल आणि दारं जन्मात लागणार नाहीत, म्हणाले. जवळच्या शिरवणे गावातल्या गोटीरामचं नाव निघालं तेव्हा दुसरा गॅरेजवाला हसलाच. "तो? तो ग्रिलवाला आहे."

ते काही खोटं नव्हतं. नवी मुंबईत इमारती उठत गेल्या तशा गोटीरामने पंधरा वर्षं त्यांच्या खिडक्यांना जाळ्या घातल्या. आजवर त्याने जे जे जोडलं, ते हलू नये म्हणून जोडलं. त्याच्या शेडमध्ये पहिल्यांदाच पळणारी वस्तू आली होती. सकाळपासून तो तिच्याभोवती फिरत होता आणि चहा गार झाला तरी त्याला पत्ता नव्हता. दार लागलं नाही तर आपण मरेपर्यंत ग्रिलवालेच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"जॅकवर गाडी कमरेत वाकते," त्याने समजावलं. "वाकल्याली जोडली तर वाकडीच राहील. चाकांवर उभी पायजे. आनि आत मान्सं बसल्यावानी वजन पायजे."

चारही चाकांखाली लाकडी ठोकळे दिले. ड्रायव्हरच्या जागी रेतीची गोणी ठेवली. दुसऱ्या बाजूला वजन तर हवंच होतं, शिवाय वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यानंतर दार लावून बघणारं कुणीतरी हवं होतं. गोटीरामची बायको गोजरा कोपऱ्यात ग्रिलला लाल रंग देत होती. तिने ब्रश डब्यात टाकला.

"मी हाय ना."

ती आत सीटच्या जागी ठेवलेल्या पाटावर बसली, पायाखाली ठिणग्यांसाठी ओली गोणपाटं, डोळ्यांवर पदर. गोटीराम वेल्डिंगची काळी काच घेऊन गाडीखाली शिरला. ग्रिलची चौकट करतात तसाच त्याने हिशेब धरला. इथे एक टाका, मग समोरच्या कोपऱ्यात एक, मग थांबायचं, निवू द्यायचं.

"लाव गो," तो खालून म्हणायचा.

"लागलं," ती वरून.

असे अकरा टाके झाले. बाराव्याला गोजराने दार दोनदा आपटलं.

"काय झालं?"

"बोटभर अडतंय."

कर्णिकांचा चेहरा उतरला. "मला सांगितलंच होतं सगळ्यांनी," ते पुटपुटले. गोटीराम बाहेर आला. त्याने गाडीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी दोरी धरली, मग दुसऱ्या कोपऱ्यांना धरली; मापात फरक निघाला.

"टेन्शन नका घेऊ. चौकट रुसलीय. ग्रिल पन अशीच रुसते."

त्याने तो टाका कापला, उलट्या अंगाने दुसरा मारला आणि चक्क विडी ओढत बसला. कर्णिक येरझारा घालत होते. अखेर तो उठला. "लाव."

खट्‌. दार एका बोटाने लागलं. गोटीरामला इतका आनंद झाला की त्याने कर्णिकांच्या पांढऱ्या शर्टावर काळ्या हाताने थाप मारली आणि कर्णिकांना त्याचं काही वाटलं नाही. चार वाजेपर्यंत दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पक्क्या झाल्या.

"पन चालताना दार धरतंय का, ते बघाया पायजे," तो म्हणाला.

इंजिन अजून बसायचं होतं. ठोकळे निघाले, गोणी निघाली, कर्णिक स्टिअरिंगवर बसले. गोजरा होती तिथेच होती. गोटीराम आणि शेजारच्या टपरीवरचे दोघे ढकलू लागले. गल्लीतल्या गतिरोधकावर गाडी दणक्यात उसळली. दार हललं नाही. आपल्या घराच्या दारात उभ्या शेजारीण वेणूबाईंनी तोंडावर हात ठेवला, तशी गोजरा आणखी ताठ बसली.

वळसा घालून गाडी शेडपाशी आली.

"वहिनी, उतरा आता. झालं काम," कर्णिक हसून म्हणाले.

गोजराने दारावर हात ठेवला, पण उघडलं नाही. "दाराचं अजून एकदा बघायचं का?" तिने कुणाकडेच न बघता विचारलं.

गोटीरामने दाराकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा केलेलं काम त्याने पंधरा वर्षांत कधी दुसऱ्यांदा तपासलं नव्हतं.

"साहेब, बघाया लागंल," तो गंभीरपणे म्हणाला आणि मागे जाऊन त्याने गाडी ढकलायला दोन्ही हात लावले.