सौरवचा हत्ती

परदेशात युनिव्हर्सिटीला गेल्यावर सौरवनं पहिल्याच महिन्यात हत्ती पाळला. नुसत्या तोंडानं. तिथल्या इंडिया क्लबातल्या पोरांनी विचारलं, शाळेला कशानं जायचास? कंग्राळीहून बेळगावला सिटी बसनं, हे ऐकून त्यांचे चेहरे पडले. मग तो म्हणाला, "हत्तीवरनं." टाळ्या पडल्या.

फोनवर हे ऐकून त्याची आई मंगल पोट धरून हसली. सकाळी शेजारचा महादेव कुंपणापाशी हजर.

"वैनी, तुमचा हत्ती आमच्या उसात शिरलाय. बांधून घाला की."

परड्यात हत्ती होता. म्हैस त्याच्या शेजारी निवांत रवंथ करत होती. मंगलचा नवरा भरमू उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथ चालवायचा. सुतभर फरक त्याच्या नजरेतनं सुटायचा न्हाय. त्यानं हत्ती बघितला आणि चहाचा घोट घेतला.

"पैल्यापास्नंच हाय की ह्यो."

पुढच्या फोनला सौरवनं परड्यातल्या विहिरीत नाग सोडले. त्या दिवसापासून मंगल तिकडं फिरकली न्हाय.

मग एकदा तो म्हणाला, "आई, क्लबच्या प्रेसिडेंटला उभारलोय. रविवारी भाषण. गरीब विधवेचा पोरगा, असं सांगणार हाय."

"आणि तुझा बाप रं?"

"त्यो भाषणात बसंना. लेथ, पीएफ, स्प्लेंडर... ह्यात इंडिया कुठं हाय?"

मंगलचा हात कपाळाच्या कुंकवाकडं गेला. "तेवढं बोलू नको. हत्ती खराच आलाय रं."

"तू बी लई जोक मारतीस!"

रविवारी संध्याकाळी भरमू भडंग खात बसला होता. मंगलनं त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलं.

"काय गं, मी पळून चाललोय व्हय?"

फोन वाजला. "आई, जिंकलो! सगळी रडली."

मंगलनं मुठीकडं बघितलं. शर्ट मुठीतच होता, पण खुंटीला अडकवलेला, इस्त्री केलेला. भडंगाची ताटली अर्धीच. भिंतीवर भरमूचा फोटो, त्याला चंदनाचा हार. बाहेरून महादेव ओरडला, "वैनी, दादा गेल्यापास्नं हत्तीकडं कोण बघतंय?"

"सौरव, आत्ताच्या आत्ता सांग त्यास्नी. बाप जित्ता हाय."

"लेथवाला बाप त्यास्नी पटायचा न्हाय गं. हत्ती पटतो."

मंगलनं हारातल्या फोटोकडं बघितलं. "मग बाप हत्तीवरनं आला म्हण."

"हां, हे भारी हाय!" सौरव म्हणाला, आणि पलीकडं टाळ्या ऐकू आल्या.

परड्यात साखळी वाजली. मंगल धावली. हत्तीवरून भरमूच उतरत होता. तोंडवळा तोच, उजव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डागही तोच. फक्त डोक्याला भगवा फेटा, पीळ दिलेल्या मिशा आणि काखेत पुंगी.

"अवो," तिनं भीत भीत विचारलं, "उद्या ड्युटी कितीची?"

जन्मात कुणाला हात न जोडलेल्या भरमूनं दोन्ही हात जोडले, मान डोलावली आणि गोड हसत म्हणाला, "नमस्ते."