ग्यारेजच्या जागेवरचा निंब

बसा भाऊ, बसा. त्या खाटेचा एक पाय लंगडा आहे, मधोमध बसा म्हणजे पडणार नाही. चुडामणचं नाव ऐकलंय का तुम्ही? नाही ना? मग आज ऐकाच. झाडावर जीव लावणारी माणसं पुष्कळ असतील, पण असला येडा अख्ख्या जळगावात दुसरा मिळायचा नाही. हे मी नाही म्हणत, तो स्वतःच म्हणतो.

माणूस चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. झाडांचं वेड लहानपणापासून. आणि पोट कशावर? तर जळगावच्या लाकडाच्या वखारीवर. झाडं पाडायची, ओंडके करायचे. म्हणजे कसायानं बोकडाला लाडाचं नाव ठेवावं, तसला प्रकार. कुऱ्हाड मारायच्या आधी हा बुंध्यावरून हात फिरवणार, काहीतरी पुटपुटणार, आणि संध्याकाळी घरी येऊन जेवणार नाही. बायको झुंबरबाई ताट सरकवत म्हणायची, "मना बापनी माले माणूसले दिधी का झाडले?"

अडुसष्ट साल होतं. गावाबाहेरच्या शेतांचे प्लॉट पडायला लागले होते. काल कपाशी होती तिथे आज फक्कीच्या पांढऱ्या रेघा. विहिरीवरचे आंबे गेले, बांधावरच्या बाभळी गेल्या, आणि त्यातली निम्मी झाडं चुडामणच्याच हातानं गेली. उरला एक निंब. डेरेदार, थंडगार, आणि उभा नेमका भिकमचंद शेठच्या प्लॉटात. शेठचा डाळीचा धंदा. बंगला बांधायला काढलेला, मोटार नवीन घेतलेली. मोटारीला ग्यारेज पाहिजे, आणि ग्यारेजच्या जागेवर हा निंब.

शेठनं वखारीत निरोप धाडला. मालकानं चुडामणला धाडलं.

त्याच निंबाखाली चुडामण दुपारची भाकर खायचा. याला आपण हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण शेठपुढे तोंड उघडायची हिंमत कुठे? मग थापा सुरू. आधी म्हणाला, अमावस्या आहे. मग म्हणाला, कावळीनं अंडी घातलीत. मग काय, तर कुऱ्हाडीचा दांडा मोडला. शेठ म्हणाला, "चुडामण, दांडा लाकडाचाच असतो ना? आणि तू वखारीतच कामाला आहे ना?"

खलास. आता चौथी थाप कुठून आणायची?

तेवढ्यात अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, जवळ आली आणि चुडामणच्या डोक्यात उजेड पडला. तुम्हाला काय सांगायचं, आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. लेकींचा झोका टांगलेल्या झाडावर आपल्या खानदेशात कोण कुऱ्हाड चालवील? चुडामणला वाटलं, आपण फार हुशार. सणाआधीच जाड दोर घेऊन गेला. बरं, हा माणूस छाती ठोकून सांगायचा, झाडाकडे नुसतं पाहिलं की कोणत्या फांदीत जीव आहे ते मला कळतं. तर तसली एक जिवंत फांदी निवडली, झोका बांधला, झुंबरबाईला बघायला बोलावलं, आणि पहिला मान स्वतःच घेतला. पन्नाशीचा मिशीवाला गडी, धोतर खोचून झोक्यावर!

दुसऱ्याच हेलकाव्याला कडाड्!

फांदी खाली, फांदीखाली चुडामण. आणि त्याच घडीला मोटार येऊन थांबली. भिकमचंद शेठ बायकोला, जतनबाईला, बांधकाम दाखवायला घेऊन आला होता. शेठनं मोडकी फांदी पायानं उलटवली. आतून पोकळ, वाळवीनं खाल्लेली.

"बघ, झाड सडलंय. उद्या माझ्या घरच्यांच्या डोक्यात पडेल. उद्याच्या उद्या काप."

झुंबरबाई नवऱ्याला ओढून काढत होती. "व्हयनं ना समाधान? ऊठा आते!"

चुडामण उठला नाही. पाठ धरून धुळीतच बसला. आयुष्यभर मजुरी घेऊन झाडं पाडली, आणि हे एक वाचवायला गेलो तर फुकटात पाडलं! त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि हसताहसता डोळ्यांत पाणीही. मग पहिल्यांदा खरं बोलला. "शेठजी, फांदी सडलीय, झाड नाही. येडा मी आहे. माझी शिक्षा निंबाला नका देऊ."

"येडा आहेस ते दिसतंय. पण ग्यारेज कुठे बांधू? तुझ्या डोक्यावर?"

जतनबाईनं मात्र दोर हातात घेतला होता. "हा झुला कशाचा?"

"आखाजीना शे बाई, लेकीस्ना," झुंबरबाई म्हणाली.

"आमच्यात सावनात बांधतात, तीजेला. म्हारे पीहर में, माहेरी, खेजडीच्या झाडाला असायचा. इथे बाजारपेठेतल्या घरात छताच्या कडीला झुला. पाय लांब केले की भिंतीला लागतात." तिनं वर पाहिलं. "चुडामणभाऊ, ती पलीकडची फांदी कशी आहे?"

"मला इचारू नका बाई. मला फांदीतलं काही कळत नाही."

मग झुंबरबाईनंच दोर टाकला, लोंबकळून पाहिलं, पक्का केला. जतनबाई डोक्यावरचा पदर सावरून बसली आणि पाय लांब केले. कुठेच लागले नाहीत.

शेठ इकडेतिकडे बघत कुजबुजला, "अगं, लोक बघताहेत."

"बघू द्या. तीज होईपर्यंत या झाडाला हात लावायचा नाही."

तीज झाली. मग ती म्हणाली, आता आखाजी होऊ द्या. आखाजी झाली, की पुन्हा तीज. ग्यारेज राहिलं ते राहिलंच. मोटार निंबाखाली उभी, आणि साळुंक्यांनी तिची रांगोळी केलेली. शेठ चुडामणला हाक मारायचा, "ये, तुझ्या झाडाचा प्रसाद पूस." चुडामण बादली घेऊन जायचा. आज सत्तरी गाठली तरी जातो.

पण आता कारभार मुलाकडे, सुरेशचंदकडे आलाय. जतनबाईचे गुडघे धरलेत, झोक्यावर बसवत नाही. कॉलनीतल्या कॉलेजातल्या पोरी झोक्याला लाजतात. सुरेशचंद म्हणतो, रिकामा दोर लोंबतोय, या आखाजीला कोणी बसलं नाही तर झाड काढून ग्यारेज बांधतो. चुडामण म्हणाला, मी बसतो. सगळी कॉलनी हसली, तोही हसला. पण रात्री पुन्हा जेवला नाही.

भाऊ, तुमची लेक आखाजीला माहेरी येईल ना? तिला घेऊन या हो. तिच्या मैत्रिणी असतील तर त्यांनाही आणा.