एकोणपन्नासावा दिवस

जोमसोमला वारा सुटलाय, असं पोखरा विमानतळावरच्या खिडकीमागची मुलगी म्हणाली आणि रिंझिनने घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे साडेनऊ झाले होते. दहानंतर त्या खोऱ्यात असा वारा उठतो की विमान उतरवायला एकही पायलट राजी होत नाही.

"बहिनी, एक फेरी तरी सोडा," तो काकुळतीला आला.

"दाइ," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "वारा काय मी खिशात घालून आणलाय? उद्या बघू. तुमचा नंबर वेटिंगवर चौथा."

रिंझिन नेपाळच्या मुस्तांग भागातल्या कागबेनीचा. अकरा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला गेला, हॉटेलात भांडी घासता घासता स्वयंपाकी झाला, पण कागदपत्रं अडल्यामुळे घरी म्हणून फिरकता आलं नाही. एका गुरुवारी रात्री तो कांदे चिरत असताना फोन आला. मोठी बहीण छिमी कागबेनीहून तीन तास चालत जोमसोमच्या फोनपाशी आली होती. "आज पहाटे आई गेली," एवढंच तिला बोलता आलं. रिंझिनने हात पुसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात गुरुवारभोवती पेन्सिलीने गोल केला.

गेलेलं माणूस एकोणपन्नास दिवस घराच्या आसपास असतं. तोवर त्याच्या वाटीत रोज चहा ओतायचा. शेवटच्या दिवशी लामा त्याच्या नावाचा कागद जाळतात, मग ते पुढच्या जन्माच्या वाटेला लागतं. रिंझिनची कागदपत्रं हाती आली ती पंचेचाळिसाव्या दिवशी. जिवंतपणी भेट झाली नाही, निदान शेवटची वाटी तरी आपल्या हातची असावी, एवढंच त्याचं मागणं होतं. त्या गोलापासून मोजलं तर एकोणपन्नासावा दिवस आज, बुधवारी येत होता. आणि कागबेनीला गाडीरस्ता नव्हता. पोखऱ्याहून पायी चार-पाच दिवस.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी परदेशी बाई उद्याचं तिकीट पक्कं करायला बसली होती. नाव मार्गो, फ्रान्समधली निवृत्त शिक्षिका. तिने आपुलकीने विचारलं, "तुम्ही पण मुस्तांग बघायला निघालात?"

"बघायला?" रिंझिन खवळला. "तिथं माझी आई वारलीय. आज तिचा शेवटचा दिवस आणि मी इथं बसलोय. बघायला तुम्ही जा, फोटो काढा!"

राग ओसरल्यावर रिंझिनलाच लाज वाटली आणि त्याने तिला वाटीपासून कागदापर्यंत सगळं सांगून टाकलं. आपण पाच वर्षं पैसे साठवून इथवर आलोय, हे मग तिनेही सांगितलं. दहा वाजून गेले, अकरा वाजले. कागद आता जळला असेल, असं मनाशी म्हणत तो उठला.

गुरुवारी उजाडलं ते स्वच्छ. विमान निघणार होतं, पण वेटिंगवरच्या फक्त दोघांना जागा मिळाली. रिंझिनला आता घाईही उरली नव्हती. तेवढ्यात मार्गो काठी टेकत खिडकीशी गेली आणि तिने आपलं तिकीट पुढे सरकवलं.

"माझ्या जागी यांना बसवा. यांचा नंबर मला द्या."

"अहो मॅडम, आता काय उपयोग?" रिंझिन म्हणाला. "दिवस कालच गेला. तुम्ही पाच वर्षं पैसे साठवून आलात ना? उद्या वारा सुटला तर?"

"सुटू दे. आधीच उशीर झालेल्या माणसाने आणखी उशीर कशाला करायचा?"

खिडकीमागच्या मुलीने दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. "तिच्या वजनात तुम्ही? विमानाला विचारा आधी," ती पुटपुटली. पण रिंझिनची अर्धी बॅग तिथेच उतरवून घेऊन तिने नाव बदलून दिलं.

वीस मिनिटांत नीलगिरीचं हिमशिखर उजव्या खिडकीला आलं आणि विमान दरीत शिरलं. खाली राखाडी नदीपात्र, कडेला जवाची हिरवी वावरं. अकरा वर्षं हे सगळं तो डोळे मिटून बघत आला होता. आता उघड्या डोळ्यांनी दिसलं, तर तो काचेला कपाळ टेकून एकेक वावर मोजत राहिला.

जोमसोमच्या धावपट्टीच्या कुंपणाशी, त्याचा निरोप मिळालेली छिमी घोडा धरून उभी होती. तो तिच्या गळ्यात पडला. "दिदी, माफ कर. पोचलो नाही मी. शेवटची वाटी..."

"काय बरळतोस? लवकर बस घोड्यावर. घरी लामा कधीचे येऊन बसलेत."

"आज? अगं, काल झाले ना एकोणपन्नास!"

"काल अठ्ठेचाळीस झाले. आई शुक्रवारी पहाटे गेली, मी मोजते ना रोज!"

"तू फोन केलास तेव्हा गुरुवार होता."

"तुझ्याकडे असेल! तुझ्याकडे रात्र होती ना रे, शहाण्या? आई तुझ्या कॅलेंडरने मरणार होती का?"

रिंझिन आधी हसला आणि मग त्याला रडू फुटलं. छिमीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "रडू नकोस. तिच्या वाटेवर गारा पडतात आपल्या आसवांच्या. आज तरी आवर."

त्याने आवरलं. दुपारी वाऱ्याने खिडक्या वाजत असताना त्याने आईच्या लाकडी वाटीत लोणी घातलेला खारा चहा काठोकाठ ओतला. "घे आई," म्हणाला. कागद पेटला आणि क्षणात विझला. त्याने एक दिवा आईसाठी लावला, एक मार्गोसाठी.

गेलेल्याच्या वस्तू मग दान करतात. कपडे लामांना गेले. वाटी मात्र रिंझिनने मागून घेतली.

पुढचे दोन दिवस विमानच आलं नाही. दोन्ही सकाळी रिंझिन घोडा घेऊन कुंपणाशी उभा होता, वाऱ्याला शिव्या घालत. तिसऱ्या दिवशी विमान उतरलं. सगळ्यांत शेवटी काठी टेकत मार्गो खाली आली.

त्याने तिच्या गळ्यात पांढरा खादा, मानाचं रेशमी उपरणं, घातला, वाटी तिच्या हातात दिली आणि थर्मासमधला चहा तीत ओतला.

"आमा," तिला आईच म्हणत तो बोलला, "ही माझ्या आईची. आता तुमची. तुम्ही जागा दिलीत ना, तोच खरा एकोणपन्नासावा दिवस होता. मीच चुकीचं मोजलं होतं. तुमच्यामुळे शेवटची वाटी मी ओतली."

मार्गोला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने तोंड फिरवलं.

"रडा, आमा, रडा," रिंझिन म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते. "आता चालतं. ती पोचली."